समुद्राला रविवार नसतो

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अशी तीन वर्तुळं काढायची, पुनवेला-अवसेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मरगळलेली भरती, हे मुलांकडून घोकून घ्यायचं, आणि ज्याला आलं नाही त्याला बाकावर उभं करायचं. आणि निवृत्तीनंतर याच शहाण्या माणसाने स्वतःच्या खर्चाने एक कार्ड छापून घेतलं: ‘धाकटी डहाणू खाडीफेरी व सुक्या मासळीचे अंगण. दर रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता.’

ते कार्ड अजून कपाटात आहे. बायको टाकू देत नाही. माझा आवाज फार चढला की ती ते कार्ड काढते आणि काही न बोलता चहाच्या कपाशेजारी ठेवते.

बोर्डीला आमची चिकूची लहानशी वाडी आहे. मुलं बाहेरगावी गेल्यावर मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा बायकोच्या डोक्यातून निघालं की पाहुणे ठेवू. मी आधी कटकट केली, मग रंग काढायला बसलो. खोल्यांत एसी नाही, टीव्ही नाही. पिण्याला माठातलं पाणी, आंघोळीला बंबातलं. प्लास्टिकच्या बाटल्या फाटकाबाहेर, कारण त्या उचलून उचलून माझी कंबर धरली होती. जेवायला जे शिजलं असेल ते. याला पर्यावरणस्नेही पर्यटन म्हणतात हे मला एका पाहुण्याने सांगितलं. तोवर मी त्याला चिक्कूपणा समजत होतो.

पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: “इथे बघायला काय आहे?” समुद्र पाहून होतो अर्ध्या तासात. मग मी त्यांना चिकूच्या झाडाखाली न्यायचो, कोसबाडच्या टेकडीवर पाठवायचो, आणि तरीही त्यांचे चेहरे सुट्टीत शाळेला आल्यासारखे. एक दिवस हा प्रश्न माझ्याऐवजी मावशीने झेलला आणि तिथून सगळं सुरू झालं.

मावशी धाकट्या डहाणूची. सुकी मासळी विकणारी. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी धाकटीच, पण दारावर येणाऱ्या कोळणीला मावशीच म्हणायचं, तशी ती आमच्या घरात मावशी झाली. महिन्यातून दोनदा टोपली घेऊन टमटमने बोर्डीला यायची, एरवी तलासरीच्या आठवडे बाजारात बसायची. पावसाळ्याच्या आधी पाड्यापाड्यांवरून माणसं तिथे येतात आणि चार महिन्यांचे बोंबील, सुकट भरून नेतात. ती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलते, उंबरगावच्या बायकांशी गुजराती, माझ्या बायकोशी मराठी आणि मोबाइलशी हिंदी.

त्या दिवशी ओट्यावर पाहुणी बाई बसली होती. ‘इथे बघायला काय आहे’ हे तिने मावशीलाच विचारलं, आणि पाठोपाठ सहज, बोंबील वाळवतात कसे? मावशीने टोपलीतून दोन बोंबील काढले, एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकल्यासारखी स्वतःच्या बोटावर लटकवली. “दोरा नाय, खिळा नाय. त्याचे दात त्याला धरतात,” ती म्हणाली. “बांबूचे मांडव असतात आमचे, त्यांना वलांडी म्हनतात. त्यावर अशी जोडीजोडीनं टांगायची. कावळ्यापासनं राखायचं, वाऱ्याला सांभाळायचं.” पाहुणी उठलीच नाही. दोन तास. मी आतून ऐकत होतो. तीस वर्षांत माझ्या एकाही तासाला कुणी असं बसलेलं मला आठवत नाही, आणि हे मान्य करताना मला अजूनही थोडं लागतं.

त्यानंतरच्या खेपेला मावशी आली ती गप्पच. बायकोने चहा दिला, तो निवला. मग कळलं. गावात खाडीकाठ सुशोभित करायचं चाललं होतं. बाकडी, रंगीत दिवे आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरांत, फोटो काढायला. जागा एकच होती, वलांड्यांची. पुढाकार तिच्याच धाकट्या दिराचा. त्याने बोट विकून खाऊची गाडी टाकली होती आणि त्याचं म्हणणं सरळ होतं: येणारी माणसं नाकाला रुमाल लावून पाच मिनिटांत पळतात, वास गेला तर थांबतील. वलांड्या गावामागे, सावलीच्या बाजूला हलवायच्या.

“सावलीत बोंबील वाळतो का मास्तर?” मावशी म्हणाली. “कुजतो. मग ओलाच द्या व्यापाऱ्याला, म्हनंल त्या भावात. माझ्या सासूनं त्या जागेवर बांबू रोवला. माझी जागा गेली का मी तलासरीला काय घेऊन बसू?”

मी रागावून बरंच बोललो. कुणाला काय कळतं, असं वगैरे. तिने टोपली उचलली आणि म्हणाली, “जाते.”

ती फाटकाबाहेर गेल्यावर बायको म्हणाली, “ऐकलंत? ‘जाते’ म्हणाली.”

आपल्याकडे घरातून निघताना कुणीच ‘जाते’ म्हणत नाही. आणि कोळ्यांच्या घरात तर हा शब्द चुकूनही तोंडातून काढत नाहीत. ज्यांची माणसं समुद्रावर जातात ती ‘येतो’ म्हणूनच निघतात. मावशी इतक्या वर्षांत दर वेळी, न चुकता, ‘येते’ म्हणून गेली होती. मला रात्रभर तो शब्द टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या डहाणूला गेलो आणि दिराला गाठलं. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. चार जाणती माणसंही तिथे बसली होती. मी म्हणालो, माझे पाहुणे हेच बघायला येतील, वलांड्याच. तो हसला. “मास्तर, तुमचे पाहुने नाकाला रुमाल न लावता तासभर थांबले तर मी स्वतः गावच्या सभेत सांगतो वलांडी राहू द्या. नाय थांबले तर तुमी सांगा हलवा.” बाकीचेही हसले. पण अशा हसण्यात ठरलेल्या गोष्टी गावात मोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मावशीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आना पाहुने. पुनव धरून आना.” मी मान हलवली. लक्ष कुठे होतं? माझ्या डोक्यात कार्डाचा मजकूर तयार होत होता.

पाहुणे मिळाले पुण्याचे, एकाच ऑफिसातले पाच जण. त्यांतला एक पन्नाशीचा गृहस्थ मला पहिल्या तासापासून खुपत होता. त्याने अंतराळाच्या सफरीसाठी नाव नोंदवलं होतं. यानातून वर जायचं, काही मिनिटं वजन नसल्यासारखं तरंगायचं, खिडकीतून पृथ्वीचा गोल पाहायचा आणि खाली यायचं. नंबर कधी लागेल याची खात्री नव्हती, पण पठ्ठ्या रोज पहाटे व्यायाम करत होता. मी बायकोजवळ म्हणालो, पैसा फार झाला की असं होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटत होता. जो गोल मी तीस वर्षं खडूने काढला, तो हा डोळ्यांनी पाहणार होता.

शनिवारी संध्याकाळी मी मावशीला फोन केला: “उद्या नऊला येतोय, पाच जण.” मग ती म्हणाली, “उद्या?... या.” तिच्या त्या थांबण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. पण निघालेल्या पाहुण्याला ‘नको’ म्हणायचं नाही, ही तिच्या घरची रीत. ती तिने पाळली आणि मी गाढवासारखा झोपलो.

रविवारी नऊला आम्ही पोचलो, बायकोसकट. खाडी काठोकाठ भरलेली. जिथून चिखलातून चालत जायचं ठरलं होतं तिथे पुरुषभर पाणी. सगळ्या बोटी काठाला बांधलेल्या. आणि वलांड्या रिकाम्या. एक शेपूटसुद्धा नाही. नुसते बांबू उन्हात उभे, धुणं काढून नेल्यावरच्या दांड्यांसारखे.

दशमी होती. भांगाचे दिवस. खाडीतल्या डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते. जाळं तोंड उघडून उभं राहतं आणि प्रवाह मासळी आत लोटतो. भांगात पाण्याला ओढच नसते, म्हणून बोटी जात नाहीत, आणि मागचे बोंबील वाळून उतरवलेले असतात. हे सगळं मला त्या क्षणी, काठावर उभं असताना, फळ्यावरच्या तीन वर्तुळांसकट आठवलं. कान तापले.

दीर हाताची घडी घालून उभा होता. “काय दाखवता मास्तर? बांबू?”

मावशी पुढे आली. अंबाड्यात फुलं, हातात जाळं विणायची सुई. माझ्या हातातलं कार्ड तिने घेतलं, सावकाश वाचलं आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. “दर रविवारी! मास्तर, समुद्राला रविवार असतो का? तो काय तुमच्या शाळेत हाय, घंटा झाली की यायला?”

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

“बसा,” ती पाहुण्यांना म्हणाली. “आज दर्याची सुट्टी हाय. सुट्टीच्या दिवशी घर कसं असतं ते बघा.” आणि फाटलेलं जाळं पसरून तिने त्यांना त्याच्या कडेने जमिनीवर बसवलं.

मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने अंतराळवाल्या गृहस्थाचा हात धरला आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर तिथी मोजायला लावल्या. “आज दशमी. दहाचे चार वाटे करा. एक वाटा सोडा. किती राहिले?”

“साडेसात,” तो म्हणाला.

“साडेसाताला भरती झाली. तिथीची पाऊणपट, बस. आता नऊ. अजून पोट भरलेलं हाय तिचं. दीड वाजता तळ दिसंल, तवा चालायला जाऊ.”

त्याने फोन काढून पाहिलं. फोन म्हणत होता, भरती सात चाळीसला. मावशीने मान वाकडी करून आकडा वाचला आणि म्हणाली, “तुमचं यंत्र दहा मिनिटं उशिरानं हाय.”

त्याने फोन खिशात घातला. मग त्याच्या सोबत्यांनी त्याच्या सफरीचा विषय काढला. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. तिने चेष्टा केली नाही, म्हणजे लगेच केली नाही. विचारलं, “कुठल्या तिथीला निघनार?” त्याला माहीत नव्हतं. “चंद्राच्या अंगानं जानार आन् तिथी म्हाईत नाय?” तो म्हणाला, चंद्रापर्यंत नाही, जरा वरपर्यंतच जाऊन परत. “म्हंजे बोट बाहेर काडायची आन् जाळं न टाकता माघारी?” या वेळी सर्वांत मोठ्याने तोच हसला. मावशी मात्र गंभीर झाली. “निघताना घरी ‘येतो’ म्हनून निघा. बाकी कायपन विसरा, ते विसरू नका.” त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

मला तिथे बसल्या बसल्या वाटलं, ही बाई कधी तलासरीच्या पुढे फारशी गेली नाही, पण हिचा चंद्राशी रोजचा व्यवहार आहे. त्याची तारीख चुकली तर हिची चूल पेटत नाही. आम्ही चंद्र शिकवतो, कुणी चंद्राच्या वाटेला जायचं तिकीट काढतो. हिने त्याला घरचा धरला आहे. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही.

तासभर झाला. कुणी नाक धरलं नव्हतं. मी दिराकडे पाहिलं. तो म्हणाला, “नाक कशाला धरतील? मासळीच नाय.”

खरं होतं. माझ्या रविवारने परीक्षाच पुसून टाकली होती. मी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी उठली. घरातून मोठी बांबूची टोपली ओढत आणली, मागच्या उधाणातल्या बोंबलांची, आणि पाच जणांच्या मधोमध ठेवून झाकण काढलं. वास असा उसळला की जन्मभर खाणारा मीसुद्धा क्षणभर मागे सरकलो. मावशी कुणाकडेच बघत नव्हती. तिची नजर टोपलीत होती आणि हात लुगड्याच्या काठाशी चाळा करत होते. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

अंतराळवाला वाकला, त्याने आत डोकावलं. आणि त्याचा हात खिशात गेला. रुमाल बाहेर आला.

दिराने खाली पाहिलं. मला वाटलं, संपलं.

त्या माणसाने रुमाल झटकला, जमिनीवर अंथरला आणि मावशीला म्हणाला, “यात बांधून द्याल का थोडे? पिशवी नको. सरांच्या घरात प्लास्टिक चालत नाही.”

मावशीने मूठ मूठ भरून बोंबील त्या रुमालावर टाकले. मोजले नाहीत. गाठ मात्र दोनदा मारली. तेवढं मी पाहिलं आणि मग मला खाडीकडे बघावं लागलं.

पुढचं सोपं होतं. ओहोटीला अजून बराच वेळ होता, म्हणून पाहुणे जाळं दुरुस्त करायला लागले. एकीने अशी गाठ मारली की जाळ्याचा गोंडा झाला. दिराला ते बघवेना. “अवो, असं नाय,” म्हणत तो बसला, सुई हातात घेतली, आणि मग तासभर उठला नाही. बोट विकल्यापासून त्याने सुई धरली नव्हती, असं मावशी नंतर म्हणाली. बोटं मात्र काही विसरली नव्हती. दीड वाजता चिखल उघडा पडला तेव्हा खाऊची गाडी कुणाच्या तरी भरवशावर टाकून तोच पाहुण्यांच्या पुढे चालत होता. पाय कुठे टाकायचा, खेकड्याचं बीळ कुठलं, तिवराची मुळं श्वास कशी घेतात, ओरडून ओरडून सांगत होता. मावशी आणि माझी बायको काठावर बसून आमची फजिती बघत होत्या. माझी एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच.

सभेसाठी मी चार पानांचं भाषण लिहून ठेवलं होतं. पर्यावरण, परंपरा, सगळं होतं त्यात. बोलावणं आलंच नाही. सभा झाली हेसुद्धा मला पुढच्या भांगात कळलं, मावशी टोपली घेऊन दारात आली तेव्हा.

ती ओट्यावर बसली. बायकोने चहा दिला, तो तिने गरम गरम घेतला. मी विचारायला धजत नव्हतो. शेवटी तीच म्हणाली, “दिरानं सांगितलं सभेत. वलांडी हलनार नाय. बाकडी देवळाकडं टाकतील.” कप खाली ठेवून म्हणाली, “मास्तरांचं कार्ड तेवढं बदला म्हनाला.”

मला भरून आलं. ते लपवायला मी कार्डाच्या छपाईवर, कागदाच्या दर्जावर आणि एकूणच हल्लीच्या छापखान्यांवर बरंच बोललो. दोघी ऐकून घेत होत्या.

“पाहुने आना,” मावशी म्हणाली. “अवस धरून आना. भरलेल्या असतील वलांड्या.”

“अमावास्येला पाहुणे?” बायकोच्या भुवया वर गेल्या.

“दर्याला अवस-पुनव दोगी सारक्याच लेकी,” मावशी म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली.

मी कॅलेंडर बघायला उठलो नाही. वद्य नवमी होती. अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि पुटपुटत मोजायला लागलो, दशमी, एकादशी, द्वादशी. फाटकाशी पोचल्यावर मावशी वळली.

“येते, मास्तर.”

दारातून बायकोने माझ्याकडे पाहिलं.

“ऐकलं,” मी म्हणालो.